ग्लेनारीचं पुढचं दार

ग्लेनारीच्या बंगल्याला कुणी सुंदर म्हटलं की मला चीड येते. रोझ बेल गावच्या उसात उभं असलेलं हे दगडी घर कुणा डंकननं स्कॉटलंडमधल्या आपल्या वडिलोपार्जित घराची नक्कल म्हणून बांधलं. मूळ घर अठराव्या शतकातलं, थंडीवाऱ्याच्या मुलखातलं. तिथे व्हरांडा नव्हता, म्हणून इथेही नाही. तिथे खोलीखोलीत शेकोटी, म्हणून इथेही. आमच्या घामट बेटावर त्यांतल्या एकीतही कधी लाकूड पेटलं नाही. दाराच्या डावीकडे पाच खिडक्या, मग उजवीकडेही पाच हव्यात, म्हणून दोन भिंतीवर नुसत्या रंगवल्या. त्या रंगवलेल्या खिडक्यांमागे नोकरांचा जिना, भिंतीच्या जाडीत कोंबलेला, बिनउजेडाचा. त्याच जिन्यानं माझ्या आईनं एकतीस वर्षं डंकन मंडळींची मुताची भांडी खाली मागच्या दाराशी नेली.

१९८४ साली एडिंबराहून इनेस नावाचा वास्तुतज्ज्ञ आला. त्याला या घराचा इतिहास लिहायचा होता. आताच्या मालकानं, मिसिए म्हणजे साहेब डंकननं, निरोप धाडला की जुन्या मोलकरणीला, भगवतीला, म्हणजे माझ्या आईला, जिना दाखवायला आणा. मी शाळामास्तरीण, इंग्रजी बोलणारी, म्हणून दुभाषी मीच. मी उलट कळवलं, आई येईल, पण पुढच्या दारानं. तो उंबरा तिनं रोज पुसला होता, ओलांडला एकदाही नव्हता.

मालक हो म्हणाला. आईच अडून बसली.

"मी नाय जायाची पुढनं. मो पेर, बाय."

"भ्यायचं काय त्यात? मिसिए स्वतः हो म्हणालाय."

"त्यो म्हणंल. माझं पाय कसं उचलतील?"

दोन दिवस मी तिच्याशी भांडले. शेवटी ती माझा हात घट्ट धरून त्या पायऱ्या चढली आणि उंबरा ओलांडून आत आली. मला धन्य वाटलं.

आत इनेस भिंतींवरून हात फिरवत होता, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. प्रमाणबद्धता, साधेपणा, जुन्या स्कॉटिश गवंड्यांची शिस्त, त्याचं चालूच होतं. जिन्यापाशी त्यानं विचारलं, भांडी कशी न्यायचात? आईनं दाखवलं: वर झाकण, झाकणावर फडकं, एक हात भिंतीला.

"एकदा पाय सरला न् समदं अंगावर आलं," ती हसून म्हणाली.

मी भाषांतर केलं. इनेसही हसला. "किती हुशार रचना! पाहुण्यांना काही दिसत नसे, वासही येत नसे."

"माझ्या आईला येत होता," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि जिन्याची रुंदी लिहून घेतली. शिसारी आली मला त्याची.

तेवढ्यात जिन्यापुढच्या बोळाच्या टोकाचं दार उघडून मिसिए डंकन आला. आईनं माझा हात सोडला, गर्रकन फिरली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली.

मला काही कळेना. कळलं ते इनेसला. आनंदानं त्याचा आवाज चढला. मालक समोर आला की तो पुढे जाईपर्यंत नोकरानं भिंतीकडे तोंड करायचं, हा मूळ घराचा नियम त्यानं जुन्या कागदांत वाचला होता. इथे तो जिवंत सापडला! "अशीच राहू दे तिला," म्हणत त्यानं कॅमेरा काढला. फोटो नीट यावा म्हणून डंकनही हसत जागच्या जागी थांबला. आईनं हा नियम मला उभ्या जन्मात सांगितला नव्हता.

"आई, वळ."

"चूप. मिसिए गेला नाय अजून."

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर पंजा ठेवला. "पुरे झालं," मी डंकनला म्हणाले, आणि खांदे धरून आईला वळवलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"पार्दों, मिसिए," ती त्याला म्हणाली. "पोरीला समजत नाय."

मग चाचपडत ती भिंतीतल्या जिन्यात शिरली. मी पुढच्या दारानं एकटीच बाहेर पडले आणि बंगल्याला वळसा घालून मागच्या दाराशी तिची वाट बघत उभी राहिले.