टॅनहिलसरांची शिफारस

माझा भाऊ गिल्बर्ट ग्रीक भाषेत पंडित आणि हट्टात गाढव. टॅनहिलसर निवृत्त झाले आणि आमच्या विद्यापीठातली त्यांची ग्रीकच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्याला तीच हवी होती. शाळेत पोरांकडून घोकून घेता घेता त्याचा जीव विटला होता. निवड करणार नगरपालिकेची मंडळी. त्यांना ग्रीकचं एक अक्षर कळत नसे, म्हणून उमेदवारानं विद्वानांकडे शिफारशी मागायच्या, त्यांची पुस्तिका छापायची आणि घरोघर वाटायची, अशी रीत.

गिल्बर्टनं थेट जर्मनीपर्यंत पत्रं धाडली. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या टॅनहिलसरांकडे मात्र गेला नाही. शिकला त्यांच्याच हाताखाली; पण एका नाटकातल्या ओळीच्या अर्थावरून त्यानं त्यांना मासिकात खोटं पाडलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"जा की रे एकदा," मी म्हणाले.

"नाक घासायला? मेलो तरी नाही, इफी."

"घास की थोडं. नाहीतरी लांबच आहे."

तो हसला, पण गेला नाही.

पुस्तिका वाटायला मीही फिरले. नगरपालिकेतल्या पर्व्हिस खाटकानं हात पुसून पानं चाळली.

"बाई, जर्मनीतला माणूस याला वाखाणतो आणि शिकवणारा मुका? मी बैल घेताना आधी जुन्या मालकाला विचारतो."

मी पुढचं दार गाठलं.

जागा प्रिंगल नावाच्या माणसाला मिळाली. त्याच्या पुस्तिकेत पहिलीच शिफारस टॅनहिलसरांची! मी तणतणत त्यांच्या घरी गेले.

"सर, तुमचा शिष्य गिल्बर्ट, आणि शिफारस प्रिंगलला?"

"प्रिंगल आला, त्यानं मागितली, मी दिली. माणूस बरा आहे, एवढंच लिहिलंय. न मागता शिफारस कोण देतं, पोरी? दाराची कडी वाजली की मीच उठायचो. वाटायचं, गिल्बर्ट आला."

"आला असता तर काय लिहिलं असतं?"

"त्या ओळीचा अर्थ त्यानं बरोबर लावला, मी चुकलो. पहिलं वाक्य हेच."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. गिल्बर्ट पोरांच्या वह्या तपासत होता. त्यानं टोपी घातली, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परतला.

"आता जाऊन काय मागू?"

"काही मागू नकोस रे. नुसता जा."

त्यानं टोपी खुंटीला लावली आणि पुढची वही ओढली. मला रडू आवरेना.