डावीकडच्या कळा

मी एक फाइल मॅनेजर. जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायली दाखवायच्या, त्यांच्या नकला करायच्या, नको त्या पुसायच्या, हे माझं काम. ज्या यंत्रासाठी मला लिहिलं ते आता कुणी बनवत नाही, पण त्याच्यावर जीव टाकणारी माणसं अजून आहेत.

त्यांतल्याच एकाने, थोरल्याने, मला लिहिलं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. थोरला सावकाश, म्हणून मीही सावकाश. काहीही पुसण्याआधी मी विचारायचो, "नक्की पुसू?"

धाकट्याला हे सोसवेना. "दादा, हा रांगतोय रे. मी पळवतो याला," म्हणत त्याने मला निम्मा कापून काढला. पडद्यावर दोन फ्लॉप्या शेजारीशेजारी दिसू लागल्या. मी खरंच पळू लागलो. त्या कापाकापीत माझा प्रश्न गेला, आणि हे त्याने थोरल्याला सांगितलं नाही.

एका दुपारी थोरल्याने कचऱ्याची फ्लॉपी समजून शेजारची निवडली नि पुसायची कळ दाबली. मी थांबलो नाही. उमेदीची वर्षं घालून त्याने लिहिलेला खेळ त्यावर होता. दुसरी प्रत नव्हती.

धाकटा धावत येऊन कळांशी झटू लागला.

"गेला, दादा. वरून शून्यं लिहिली गेली, आता परत मिळायचा नाही."

"याने विचारलं का नाही?"

"वेळ जायचा. मी काढलं ते."

थोरल्याने त्याच्या कानाखाली जाळ काढला. धाकट्याने उलट त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं फळीवर आदळले, टीव्हीची काच फुटली, थोरल्याचं कपाळ फाटून डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने धाकट्याचं मनगट कळांवर दाबून धरलं आणि हातोडी उचलली. पहिल्या घावाला पडद्यावर अक्षरांची रांग धावली. दुसऱ्याला हाडं वाजली. पुढचा घाव थोरल्याच्या बायकोच्या, वहिनीच्या दंडावर बसला, कारण ती मध्ये पडली होती.

"माणूस आहात का तुम्ही?" एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

धाकट्याच्या उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. तो घर सोडून गेला.

थोरल्याने नव्या कळा बसवल्या आणि मला पुन्हा उघडलं. माझा प्रश्न परत घातला. मग माझी सगळी कामं एकेक करून डावीकडच्या कळांवर आणली. वहिनीच्या हाती धाकट्याला निरोप गेला.

तो आला. डाव्या हाताने दोन-तीन कळा दाबल्या आणि त्याच्या लक्षात आलं.

"हात मोडलास, आणि वर खेळणं देतोस?"

त्याने यंत्र उचलून फरशीवर आपटलं, लाथेने आतली सर्किटची पट्टी तोडली. मग डाव्या मुठीने थोरल्याचं तोंड फोडलं. थोरला हलला नाही.

"अजून मार."

"नाही," धाकटा म्हणाला. "तेवढ्यावर तुझं फिटेल." आणि निघून गेला. तो परत आलेला नाही.

त्या यंत्रात मी संपलो. पण थोरल्याने माझ्या या नव्या रूपाच्या प्रती आधीच लोकांना पाठवल्या होत्या, त्यामुळे अनोळखी घरांत मी चालतो आहे. कुणीतरी विचारतं, सगळ्या कळा डावीकडेच का? थोरला उत्तर लिहायला बसतो आणि "भावासाठी" या शब्दाशी थांबतो.

तुमच्याकडे मी असेन तर मला खुशाल सुधारा, आणखी पळवा. त्या कळा तेवढ्या तिथेच राहू द्या.