अब्बांच्या जनाज्याआधी

अब्बांना गुस्लची शेवटची आंघोळ घातली, कफन बांधून झालं आणि अंगणात लोक त्यांच्या आठवणी काढू लागले. सैफुद्दीनभाईंनी मोहल्ल्यात मुलींची शाळा आणली. सैफुद्दीनभाईंची पहाटेची फजरची नमाज तीस वर्षांत चुकली नाही. उरुसात लंगरच्या देगीपाशी तेच उभे. इंझोरीचे भाजीमळेवाले भगवंतरावही आले होते. "माह्या अन् भावाच्या वावराच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडन कोर्टात सतरा वर्सं मिटलं नाई," ते म्हणाले. "या मानसानं एका चहात मिटवलं." सगळं खरं होतं. मी मात्र नमाजेला किती वेळ उरला ते मोजत बसलो होतो.

जनाज्याच्या नमाजेआधी थोरल्या मुलानं उभं राहून विचारायचं असतं, की माझ्या वडिलांनी कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाचा हक्क मारला असेल, तर माफ करा. रांगांमधून "माफ केलं" असा आवाज येतो. दोन मिनिटांचं काम. पण मारलेला हक्क ज्याचा त्यानंच माफ करावा लागतो, त्याच्या वतीनं अल्लाहही करत नाही. आणि अब्बांनी जिचा हक्क मारला, ती त्या पुरुषांच्या रांगेत असणारच नव्हती.

यूसरा आमच्याच गल्लीतली. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन ती माहेरी पळून आली. मोहल्ल्यातल्या मोठ्यांची बैठक बसली आणि भांडणं मिटवण्यात हातखंडा असलेल्या अब्बांनी तेही मिटवलं. घर मोडू नको बेटी, म्हणून तिला परत पाठवलं. विसाव्या दिवशी नवऱ्यानं असं मारलं की तिचा डावा कान कायमचा गेला. नंतर अब्बा दोनदा तिच्या दारी गेले, पण तिनं दार उघडलं नाही. कितीतरी मरणाऱ्यांच्या उशाशी बसून ज्यांनी कलमा पढला, ते शेवटच्या आठवड्यात स्वतः मरणाला घाबरत होते. रोज मला विचारायचे, "यूसराले भेटला का?" मी उद्या जातो म्हणायचो. उद्या उद्या करत मी त्यांना मरू दिलं.

अम्मीनं मला पडद्याआड बोलावलं. "तिले इचारल्याबिगर त्यायले उचलू नोको."

"अम्मी, जोहरच्या नमाजेची वेळ होऊन राह्यली. लोक थांबले."

"थांबू दे. मले त्यायच्यासाठी भेव वाटून राह्यलं."

यूसरा शिलाई मशीनवर बसली होती. उंबऱ्यावरूनच मी म्हणालो, "अब्बांले माफ कर."

तिनं उजवा कान माझ्याकडे केला. मला तेच पुन्हा म्हणावं लागलं आणि दुसऱ्यांदा ते फार फुकटचं वाटलं.

"तुमी आता तिथं उभं राहून इचारसान ना, कोनाचं मन दुखलं असन तर माफ करा?"

"हो."

"असन तर, असं नोका म्हनू. काय केलं ते सांगा, माहं नाव घेऊन. अन् मशिदीच्या भोंग्यावरून सांगा, म्हंजे घरातल्या बायाही ऐकतीन. त्या बैठकीत पंधरा मानसं होते, बाई एकही नोती."

"मयतीची बदनामी होईन, यूसरा."

"होईन."

"मग माफ करशील?"

"ते मी आता नाई सांगत," ती म्हणाली आणि मशीन चालू केली.

मी भित्रा माणूस आहे. दुकानात गिऱ्हाइकाशीही वर आवाज करत नाही. मशिदीच्या अंगणात पाचसहाशे माणसं रांगा लावून उभी होती, समोर अब्बा. न सांगावं तर अब्बांचं तिकडे अल्लाहपुढे काय होईल, सांगावं तर इथे त्यांच्या नावाचं काय होईल? मौलानांच्या हातातून मी माइक घेतला आणि भोंगा चालू करा म्हणालो.

"माह्या बापानं यूसराले मार खायले परत धाडलं," मी म्हणालो. माझा आवाज छपरांवरून परत माझ्याच कानी आला. "तिचा कान गेला. माह्या बापाची चूक होती. त्यायले ते कळलं होतं."

"मयतीसमोर असं बोलतात काय?" बैठकीतलाच एक जण पुटपुटला. "माफ केलं" असं कुणीच म्हणालं नाही. मौलानांनी नमाज सुरू केली.

जनाजा गल्लीतून निघाला तेव्हा पुढचा खांदा माझा होता. यूसरा दारात उभी होती. मी थांबलो, तसे मागचेही थांबले.

"ऐकलं मी, उजैरभाई," ती म्हणाली. "तुमी तुमचं काम केलं. चाचाचं अन् माहं, आमी तिथं पाहून घेऊ."

ती आत गेली. कबरस्तानापर्यंत मी खांदा कुणाला बदलू दिला नाही. माती देऊन आम्ही सगळे घरी परतणार होतो, आणि अब्बा तिथे एकटेच तिची वाट पाहत राहणार होते.