कात्रीने ‘हो’ म्हटलं

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे आणि तिलाही त्याचं कौतुकच होतं. लिफ्टच्या दाराशेजारी बटणांची पट्टी असते ना, तिच्या आत एक चिमुकला संगणक असतो. त्यात मावेल इतका कर्नल छाटून देणं हे तिचं काम. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. तो जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणीही घ्यावा असा. त्यात हजारो सोयी असतात आणि प्रत्येकीपुढे एक प्रश्न असतो, हवी की नको? नको म्हटलं की कंपाइल होताना, म्हणजे कर्नल बांधला जाताना, त्या सोयीच्या ओळी गाळल्याच जातात. त्या कोपऱ्यात झोपून राहत नाहीत. तयार झालेल्या कर्नलपुरत्या त्या जणू कुणी लिहिलेल्याच नसतात. सात वर्षं कात्री दिवसभर नको, नको, नको करत आली होती. स्थळांच्या बाबतीतही हिने तीच सवय लावून घेतलीय, असं तिची आई येईल-जाईल त्याला सांगायची.

आत्याचं मात्र कात्रीशी काही बिघडलेलं नव्हतं. बिघडला होता तो आत्याचा संगणक. आत्या जन्मापासून आंधळी, आणि तीस वर्षं ती घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत होती. शिलाई मशीन, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं यंत्र, काय म्हणाल ते. तिच्या टेबलावर विटेएवढा एक करडा डबा होता. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते हा डबा बोलून दाखवायचा, नाकातल्या नाकात आणि इतक्या झपाट्याने की दुसऱ्याला नुसती भुणभुण ऐकू यावी. आत्याला त्यातला स्वल्पविरामसुद्धा कळायचा.

जुना संगणक कायमचा बंद पडला तेव्हा कात्रीच्या बाबांनी बहिणीसाठी बोलणारा नवा फोन आणला. आत्याने तो दोन दिवस ऐकला आणि उशीखाली ठेवून दिला.

“साखरेत घोळलेली बाई आहे रे ती,” ती म्हणाली. “आणि वेग वाढवला की शब्द खाते. माझा डबा चालत नसेल तर राहू दे. हातातलं काम सोमवारी परत पाठवते आणि सांगते, आता बास.”

हे ती न चिडता म्हणाली. डाळीत मीठ कमी पडलं तरी तासभर वाद घालणारी बाई कामाबद्दल एवढ्या शांतपणे बोलली, म्हणजे तिने मनातून दुकान बंद केलं होतं.

शनिवारी सकाळीच कात्री आली. येताना तिने मागे जुन्या पद्धतीचं जोडणीचं भोक असलेला एक छोटा संगणक आणला. आपला ऑफिसातला हातखंडा कर्नल तिने त्यावर चढवला आणि डबा जोडला. डबा मुका. मग तिने शोधाशोध केली तर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की नेमक्या याच डब्यासाठी कर्नलमध्ये सोय आहे.

“शक्यच नाही,” ती म्हणाली. “सात वर्षं ही सोयींची यादी मला पाठ आहे. असलं काही त्यात नाही.”

“मग ज्याने लिहिलं तो खोटारडा का?” आत्याने विचारलं.

कात्रीने यादीच्या फाइलीत त्या सोयीची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि कर्नल बांधायला लावला. चाळीस मिनिटं गेली. डबा मुकाच. फाइल उघडून पाहिली तर तिने लिहिलेली ओळ गायब! तिने पुन्हा लिहिली, पुन्हा चाळीस मिनिटं, आणि पुन्हा ओळ गायब. तक्रार नाही, सूचना नाही, काही नाही. कात्री डोकं धरून बसली.

मग तिने यादी अगदी वरपासून एकेक ओळ वाचायला घेतली, आणि चौथ्या पानावर ती थांबली. तिथे एकच प्रश्न होता. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही अशांसाठीच्या सोयी हव्यात का? उत्तर होतं, नको. हे उत्तर तिचंच होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दिलेलं. वरच्या प्रश्नाला नको म्हटलं की खालचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, ते यादीत दिसतही नाहीत, आणि हाताने घुसवलेली ओळ निमूटपणे बाहेर काढली जाते. हे कात्री नवशिक्यांना शिकवायची. तीच यादी ती सात वर्षं एका कर्नलवरून दुसऱ्यावर उतरवत आली होती.

तिला मनापासून लाज वाटली. आत्यापासून तिने काही लपवलं नाही.

“म्हणजे तूच दार लावून घेतलं होतंस,” आत्या हसून म्हणाली. “उघड आता.”

कात्रीने हो म्हटलं. त्याबरोबर त्या ओळीखाली एक अख्खं कुटुंब उलगडलं. कितीतरी बोलके डबे होते, केव्हाच बंद पडलेल्या कारखान्यांचे, आणि त्यांत आत्याचाही होता. तिने त्या डब्यासाठी लिहिलेली फाइल उघडली. जेमतेम दीडशे ओळी, आणि मध्येच लिहिणाऱ्याने कंसात टिपून ठेवलं होतं. कात्रीने ते मोठ्याने वाचलं, “याला एकदम फार मजकूर देऊ नये. मध्ये थोडं थांबावं, नाहीतर हा ओळीतला शेवटचा शब्द गिळतो.”

आत्या खुर्चीत पुढे सरकली. “गिळतो! अगं, सुरुवातीपासून गिळतो. मला वाटायचं माझाच डबा खोडीचा आहे. कोण आहे हा माणूस?”

“माहीत नाही. नाव आहे नुसतं.”

“त्याने ऐकलंय याला. बसून ऐकलंय गं, माझ्यासारखं.”

कुठलातरी अनोळखी माणूस एका डब्याच्या अर्धवट शब्दासाठी जीव आटवून गेला होता. त्याच्यानंतर आणखी कितीजणांनी, तो डबा कधी पाहिलाही नसताना, त्या दीडशे ओळी नव्या नव्या कर्नलबरोबर सांभाळत आणल्या होत्या. कोण हो म्हणणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतकं मोठं काहीतरी आपण रोज छाटत होतो आणि आपल्याला ते नुसतं वजन वाटत होतं, असं तिच्या मनात आलं.

आता एकच निवड उरली होती. सोय मागाहून जोडायची की गाभ्यातच बांधायची? तिने गाभ्यात म्हटलं. चाळीस मिनिटांनी आत्याने स्वतः बटण दाबलं.

दोन श्वास गेले असतील, आणि डबा बोलायला लागला. नाकातला तोच आवाज, तीच भुणभुण. पण तो आत्याच्या कामातलं काही बोलत नव्हता. कीबोर्ड सापडला, डिस्क सापडली, तिच्यात एवढी जागा आहे, घड्याळ लागलं, असं एकापाठोपाठ एक चाललं होतं. आत्याचा हात हवेतच राहिला. डबा थांबला तरी तिने हात खाली घेतला नाही.

“हे काय होतं?”

“संगणक सुरू होताना स्वतःशी जे बोलतो ते. सुरू करताना पडद्यावर ओळी सरकतात, त्या. तुझ्या जुन्या संगणकात डबा सगळं झाल्यावर जागा व्हायचा. आता तो गाभ्यातच आहे.”

“रोज बोलतो?”

“रोज. प्रत्येक वेळी.”

“आणि तुम्हा सगळ्यांना ते दिसत होतं?”

“दिसतं, पण कुणी वाचत नाही गं.”

“तीस वर्षं,” आत्या हळूच म्हणाली. “बटण दाबून मी गप्प बसायचे. मला वाटायचं, आत काही नाहीच अजून.”

आत्याने चाचपत बटण शोधलं, संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला. या वेळी तिने डोकं डब्याजवळ नेलं. डबा बोलला आणि थांबला.

“हा मधूनच सुरू होतो,” ती म्हणाली. “याच्या आधीही काही असतं का?”

“असतं. डबा सापडायच्या आधीच्या तीसेक ओळी. त्या त्याला बोलता येणार नाहीत, तेव्हा तो स्वतःच जागा नसतो.”

“मग त्या तू वाच,” आत्या म्हणाली. तिने खुर्ची कात्रीकडे वळवली आणि पुन्हा बटणावर बोट ठेवलं. “सावकाश वाच. एकही गाळू नकोस.”