ठसा आणि त्याचं चित्र

मी ठसा बोलतोय. माझं चित्र नव्हे, मी स्वतः. जुन्या सागाचा. तोंडावर केळफूल कोरलेला.

फैजपूरच्या जब्बार रंगाऱ्याच्या वडिलांनी मला कोरलं. ते हात आता कबरीत आहेत. शिरपूरकडच्या पाड्यांवर नवरीच्या डोक्यावर फडकी घालतात. तिच्यावर माझंच केळफूल लागतं, दुसरी नक्षी चालत नाही. किती फडक्या छापल्या, गणती नाही. 'माझ्यासारखीच फडकी दुसरीकडे का?' म्हणून एकही बाई भांडली नाही.

मग जब्बारच्या पोराने, फैसलने, मोबाइलवर माझा फोटो काढला. त्या फोटोचे मोजकेच डिजिटल नग करून इंटरनेटवर विकायला मांडले. एक धुळ्याच्या माणसाने घेतला. सुरतेचा माणूस त्याला जास्त भाव देऊ लागला. फूल कोणी बघत नव्हतं. सगळे आकडा बघत होते.

त्याच आठवड्यात पाड्यावरच्या लताबाई आल्या.

"जब्बारभाऊ, आइतवारले पोरनं लगीन शे. केळफूलच जोयजे!"

"होईल, अक्का," जब्बार म्हणाला. त्याने कापड धुऊन वाळत घातलं आणि रंग आणायला बाजारात गेला.

तेवढ्यात धुळेवाल्याचा निरोप आला : 'बर्न कर. एकच ठेव. भाव चढेल.'

फैसलने मला उचललं.

"कुठे नेतोस?" त्याची आई अकबरी ओरडली.

"जाळायला, अम्मी. असली ठसा उरला तर चित्राला कोण विचारणार?"

"अब्बाला तरी विचार!"

"अब्बांना नव्या गाडीत बसवून विचारतो."

रंगाच्या कढईखालच्या चुलीत त्याने मला टाकलं आणि व्हिडिओ घेऊ लागला. तेल-रंग प्यालेलं लाकूड मी. लगेच पेटलो. अकबरीने चिमट्याने ओढून पाणी ओतलं, तोवर निम्मं फूल गेलं होतं.

व्हिडिओ पाहून धुळेवाल्याचा फोन आला. तो हसत होता.

"अरे येड्या, जादा नग पुसून टाक म्हटलं होतं! आमच्या धंद्यात बर्न म्हणजे पुसणं. लाकूड कशाला जाळलंस?"

स्वतःचा नग त्याने सकाळीच सुरतेला विकला होता. त्यानंतर फैसलच्या बाकीच्या नगांना कुणी विचारलं नाही.

लताबाई फडकी न्यायला आल्या. जब्बारने छापलेलं कापड पुढे ठेवलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

"भाऊ, हाई ते अर्धंच शे. नवरीले चालत नही."

"खरं आहे, अक्का," जब्बार म्हणाला. त्या रिकाम्या हाताने गेल्या. फैसल दारात उभा होता. बापाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आता मी फळीवर पडून आहे. फैसलच्या मोबाइलमधलं चित्र मात्र पाकळी न् पाकळी शाबूत आहे. घ्या ते. रंगात बुडवा. त्या पोरीची फडकी छापून दाखवा. जमलं, तर मला खुशाल परत चुलीत घाला.