एकभुक्त अक्का

सकाळपासून हरीभाऊंचा पाय घरात ठरत नव्हता. थोरली बहीण अनुसूया, म्हणजे घरादाराची अक्का, परवा पाण्याची बादली उचलताना कळवळून खाली बसली. एक्सरेत पाठीचा मणका दबलेला निघाला आणि हाडांच्या घनतेचा आकडा आला उणे साडेतीन, म्हणजे हाडं पार ठिसूळ. निम्मी हयात विमानाच्या कारखान्यात मापं घेण्यात गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आता आठवड्याची गोळी घ्यावी, की वर्षातून एकदाचं सलाईन? गोळीनं जळजळ होते म्हणतात, सलाईननं ताप येतो म्हणतात. डोकं नुसतं भणभणत होतं.

"अहो, स्वल्प बसा, जरा दम धरा. डॉक्टर ठरवतील," बायको नयना म्हणाली.

डॉक्टर महानंदा बेळगावकडच्या. रक्ताचे रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "औषधं दोन्ही चांगलीच आहेत. पण कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व एवढं खाली असताना यातलं काहीच सुरू करता येत नाही, धोका आहे. आधी ते भरून काढू. अक्का, रात्री काय जेवता वो?"

अक्कानं तोंड उघडायच्या आत हरीभाऊच बोलले, "ती एकभुक्त असते. यजमान गेले तेव्हापासून. एक दिवस व्रत मोडलं नाही तिनं." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. पाहुण्यांसमोरही व्हायची.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. दोन्ही वेळ जेवण पाहिजे."

झालं, घरी येईपर्यंत हरीभाऊंना नवा घोर लागला. आईनं घालून दिलेलं व्रत असं मोडायचं कसं? "गुरुजींना विचारतो," ते म्हणाले. "सोडायचा काहीतरी विधी असेलच."

अक्का खुर्चीत बसून गवार मोडत होती. "विधी कशाचा रे? व्रत मी घेतलंच कधी? सासरचं सगळं आटोपून इथे आले, त्या रात्री आईनं माझं पान मांडलं नाही. वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या रात्रीही मांडलं नाही. मग एकदा तू कुणाला तरी सांगितलंस, अक्का एकभुक्त असते. बरं वाटलं ऐकून. उपाशी राहण्याला नाव तरी मिळालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? रोज रात्री तुला वाढायला मीच तर उभी होते."

नयनाचे डोळे भरून आले. "भूक लागायची हो, अक्का?"

"पहिली काही वर्षं लागायची. मग हाडांनीच भागवलं असणार, बघ."

हरीभाऊंना लाजेनं वर बघवेना. त्या रात्री त्यांनी स्वतः अक्काचं पान आपल्या शेजारी मांडलं. भाकरी, पालेभाजी, दह्याची वाटी वाढली. अक्कानं चार घास खाल्ले आणि हात आखडला. पोटाची सवयच मेली होती.

"सावकाश जेव," हरीभाऊ म्हणाले, "मी बसतो."

वाचकहो, तुमच्या घरातही कुणी बाई मोठ्या श्रद्धेनं अर्धपोटी राहत असेल, तर तिचं कौतुक करायच्या आधी तिला भूक लागते का, एवढं विचारा.