बारावी सुई

“अकराच हायेत,” नकुशीबाई म्हणाल्या. सुया टोचलेला काळ्या घोंगडीचा तुकडा उन्हात धरून त्यांनी परत मोजल्या. पुन्हा अकरा.

चहा गाळता गाळता त्यांची सून सोनम म्हणाली, “आत्या, काल सांजच्याला तर बारा भरल्या व्हत्या की.”

“भरल्या नव्हत्या. म्या भरवल्या.”

झालं होतं असं. काल दौंडहून गाडी माल न्यायला आली, दारात हॉर्न वाजत होता आणि उजेड उतरला होता. काळ्या घोंगडीवर बारीक सुया दिसेनात, म्हणून बाईंनी त्या बोटानं चाचपून मोजल्या आणि एक सुई दोनदा मोजली. चाळीस वर्षं कारेगावात गोधड्या शिवणाऱ्या बाईचा नियम एकच होता, सुया मोजल्याशिवाय माल दारातून जाणार नाही. मोजायचं कामही त्या कुणाला देत नसत. सोनम कंपनीत दिवसाला हजार नट तपासायची, पण घरातल्या बारा सुयांना हात लावायची तिला परवानगी नव्हती.

आणि माल म्हणजे काय, तर सव्वा महिन्याच्या पोरीची कुंची, पांघरूण आणि डोक्याखालची मोहरीची उशी.

हा सगळा संच बाईंनी उरलेल्या चौकोनांतून केला होता. प्रत्येक गोधडीतून दोन-चार चौकोन उरतातच. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या तुम्हालाच. बाई ते पत्र्याच्या ट्रंकेत टाकायच्या आणि टाकून विसरायच्या नाहीत. कंपनीतल्या बिहारी पोरांना त्यांनी मोटारसायकलच्या सीटची कव्हरं करून दिली, सोनमला डब्याची पिशवी, शेजारच्या दगडोबांना गुडघ्याला बांधायची पट्टी. चौकोन वाया गेला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

पण दौंडच्या रतनबाईंनी जे मागितलं, त्यासाठी तर उरलेलेच चौकोन हवे होते. त्यांच्या सुनेचं, प्रतिभाचं, पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. आता मुलगी झाली. तिच्या अंगाला पाच घरचं कापड लागावं, पाच घरांनी तिला राखावं, असं रतनबाईंच्या मनात होतं. बाईंनी पाच घरचे चौकोन निवडले, सगळे नांदत्या घरांचे. तिसरी पोर झाली म्हणून स्वतः नकुशी नाव घेऊन वाढलेल्या बाईला हे काम करताना फार बरं वाटलं होतं.

“फोन लावा,” सोनम म्हणाली.

तीनदा लावला. कुणी उचलेना. दुपारी बारसं होतं, फोन कुठल्या तरी पिशवीत वाजत असणार.

“आत्या, इथंच पडली असंल सुई. तिथं जाऊन सांगितलं तर उगा बोभाटा व्हईल. पुन्हा कुणी काम देणार न्हाई.”

“न दिना का. पोरीच्या टाळूला सुई लागली तर माझं नाव घिऊन काय चाटायचंय?”

त्यांच्या मुलानं मागं कधीतरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून दिलं होतं, ते त्यांनी आधी सगळ्या घरात फिरवलं. एक खिळा आणि सोनमची टाचणी निघाली. मग चुंबक पिशवीत टाकून त्या निघाल्या. वडापच्या जीपनं शिरूर, शिरूरहून दौंडची एसटी. वाटेत त्यांना एकदाही डुलकी लागली नाही. लागली असती तर नवलच.

पोचल्या तेव्हा पाळणा फुलांनी सजला होता. उशी पाळण्यात ठेवली होती आणि कुंची घातलेली पोर प्रतिभाच्या हातात होती. बायका नाव ठेवायला सरसावल्या होत्या. बाईंनी चप्पल काढली आणि दारातूनच सांगितलं, “पोर पाळण्यात घालू नका. माझी सुई हरवलीया. ह्या कपड्यात असंल.”

ढोलकी थांबली. रतनबाईंचा चेहरा उतरला, मग तापला. “अवं, आजच्या दिवशी असलं बोलत्यात व्हय?”

“आजच बोलाया पायजे. उद्या बोलून काय उपेग?”

“आन् आता बारशाच्या कुंचीला कात्री लावणार?”

“कात्री न्हाई. माझा टाका मला उसवता येतो.”

 प्रतिभानं पोरीची कुंची काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी चुंबक कुंचीवरून फिरवलं, काही नाही. पांघरुणावरून फिरवलं, काही नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. बाईंनी उशी मांडीवर घेतली, आणि चुंबकाला टक् करून काहीतरी चिकटलं.

एक कड उसवून त्यांनी मोहरी परातीत ओतली. सुई निघाली. बोटभर लांब, चकचकीत. बाईंनी ती लपवली नाही. सगळ्यांना दिसेल अशी तळहातावर धरली.

“चूक माझी हाय,” त्या म्हणाल्या. “काल मोजताना चुकले.”

रतनबाईंनी उशी बाजूला सारली. “ऱ्हाऊ द्या आता. दुकानातली आणू.”

“आई, नको,” प्रतिभा म्हणाली. पोरीला छातीशी धरून ती बाईंच्या समोर बसली.  “आत्ता शिवून द्या मावशी. त्याच सुईनं. मी बघते.”

बाईंनी दोरा ओवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. मग सुई आणि दोरा त्यांनी प्रतिभापुढं केला. तिनं ओवून दिला. भरल्या घरासमोर बाई उशी शिवत राहिल्या आणि त्यांच्या टाक्यात कुठं वाकडंतिकडं नव्हतं. शिवून झाल्यावर सुई त्यांनी पदराला टोचली आणि चुंबक उशीवरून पुन्हा फिरवून घेतलं, रतनबाईंच्या हातानं. मग पोर पाळण्यात गेली. नाव तेजश्री ठेवलं. जेवायचा आग्रह रतनबाईंनीच केला, आणि निघताना पोर चालायला लागली की मोठी गोधडी करा, म्हणाल्या.

सांजेला सोनम दारातच उभी होती. “घावली?”

“घावली. उशीत व्हती.”

बाईंनी पदराची सुई घोंगडीत टोचली. तुकडा घडीभर मांडीवर ठेवला, त्यावरून हात फिरवला आणि सुनेकडं सरकवला.

“मोज.”

“मी?”

“आजपास्नं तूच मोजायच्या.”

सोनमनं हात ओढणीला पुसले आणि एकेका सुईला बोट लावून मोठ्यानं मोजायला घेतलं. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. बारा ऐकल्यावर त्यांनी ट्रंक ओढली आणि तेजश्रीच्या गोधडीसाठी पहिला चौकोन काढला.